रोमचा आठवडी बाजार आणि इंग्रजीतले मेलेले शब्द

आजोबांच्या कपाटात रोम आणि ग्रीसच्या इतिहासाचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ सापडला, तुम्ही हौसेने त्याचं मराठी करायला घेतलंत आणि तिसऱ्याच पानावर अडलात. नंडिनल, बायसेक्स्टाइल, ग्रीक कॅलेंड्स, ऑगर, हेकॅटूम, सॅट्रॅप, क्लेप्सिड्रा, बूस्ट्रफीडन, लस्ट्रम, ऑबल अशी यादी तुम्ही पाठवलीत. मोठ्या कोशात बघितलं तर यातल्या बऱ्याच शब्दांपुढे 'दुर्मीळ' किंवा 'कालबाह्य' असा शेरा, आणि अर्थ म्हणून दिलेलं वाक्य मूळ शब्दाहून अवघड. तुमचा प्रश्न असा की हे शब्द नागरीत जसेच्या तसे लिहावेत, की संस्कृतावरून नवे पाडावेत?

प्राचीन इतिहासाची पुस्तकं इंग्रजीतून मराठीत आणण्याचं काम मी सव्वीस वर्षं करते आहे. माझं म्हणणं असं की हे दोन्ही उपाय शेवटी. आधी त्या शब्दाच्या जागी माणसं प्रत्यक्ष काय करत होती ते बघा. कुठे उभी होती, हातात काय होतं, कशाची वाट बघत होती. एवढं कळलं की पुष्कळदा शब्द आपल्या तोंडात आधीच तयार असतो.

इंग्रजीत हे शब्द मेले, कारण त्यातले बरेचसे तिथे नीट जगलेच नव्हते. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रज पंडितांनी लॅटिन ग्रंथांतून ते पोत्याने उचलले. १६२३ मध्ये हेन्री कॉकरमने आणि १६५६ मध्ये टॉमस ब्लाउंटने 'अवघड शब्दां'चे कोश काढले. त्यांतले कित्येक शब्द कोशाबाहेर क्वचितच कुणी वापरले असतील. इंग्लंडच्या खेड्यात कोंबड्या दाणे टिपतात की नाही यावर लढाई ठरत नव्हती, की भांड्यातल्या पाण्यावर कोर्टातलं भाषण मोजलं जात नव्हतं. शब्द बोटीने आला, वस्तू मागेच राहिली. आपल्याकडे पुष्कळदा वस्तू घरात असते आणि तिला रोजचा शब्दही असतो. आपण मात्र इंग्रजी शब्दाला दबकून कोश उघडतो.

नंडिनल घ्या. कोश सांगतो की रोममध्ये दर नवव्या दिवशी भरणाऱ्या बाजारासंबंधीचा, तो नंडिनल. प्रत्यक्षात काय व्हायचं? शेतकरी सात दिवस शेतात राबायचा आणि आठव्या दिवशी माल घेऊन शहरात यायचा. विक्री करायची, खरेदी करायची, कोर्टकचेरीचं काम उरकायचं, गावगप्पा ऐकायच्या. मुलांना त्या दिवशी शाळा नसे. नव्या कायद्याचा मसुदा जाहीर झाला की मतदानाआधी तीन बाजार लोटावे लागत, म्हणजे खेड्यातल्या माणसाच्याही कानावर तो जायचा. दगडावर कोरलेल्या रोमन दिनदर्शिका बघितल्यात तर प्रत्येक दिवसापुढे ए ते एच ही आठ अक्षरं फिरताना दिसतील. ते या बाजाराचंच चक्र.

मग आठ दिवसांच्या चक्राला 'नऊ दिवसांचा' का म्हणायचं? कारण रोमन माणूस मोजताना पहिला दिवसही धरायचा. आजच्या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत, दोन्ही टोकं धरून, नऊ. इंग्रज संपादकांनी यावर लांबलचक तळटीपा लिहिल्या आहेत. मराठी वाचकाला एक शब्द पुरतो: आठवडा. आपलाही आठवडा सात दिवसांचाच, पण या सोमवारपासून त्या सोमवारपर्यंत बोटं मोडली की आठ भरतात. म्हणजे मोजायची रीत तीच. तेव्हा नंडिनल मार्केट म्हणजे आठवडी बाजार, आणि त्यांचा आठवडा आपल्याहून एका दिवसाने मोठा होता हे पहिल्या उल्लेखाला सांगून मोकळं व्हायचं. माझ्या एका हस्तलिखितात संपादकांनी त्याचं 'नवाह्निक हाट' केलं होतं. तिथे कोथिंबिरीची जुडी घेऊन कोण बसणार?

ही मोजणी रोमनांच्याही अंगाशी आली. जुलियस सीझरने नवी दिनदर्शिका लागू केली ती इसवी सनपूर्व ४५ पासून. दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त, असा नियम. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. मागे राहिलेल्या पुरोहितांनी 'दर चौथं वर्ष' दोन्ही टोकं धरून मोजलं आणि दर तीन वर्षांनी दिवस वाढवत गेले. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ दिवस वाढले. शेवटी सम्राट ऑगस्टसने काही काळ हा वाढीव दिवस बंद ठेवून हिशोब जुळवला.

बायसेक्स्टाइल हा शब्द याच वाढीव दिवसाचा. रोमन लोक महिन्याच्या उत्तरार्धातल्या तारखा पुढे येणाऱ्या कॅलेंड्सपासून, म्हणजे महिन्याच्या पहिल्या दिवसापासून, उलट्या मोजायचे. २४ फेब्रुवारी हा मार्चच्या कॅलेंड्सआधीचा सहावा दिवस. जास्तीचा दिवस त्यांनी महिन्याच्या शेवटी जोडला नाही, हा सहावाच दोनदा घेतला. लॅटिनमध्ये 'बिस सेक्स्तुस', दोनदा सहावा. नुसता उल्लेख असेल तर 'लीप वर्ष' लिहा आणि पुढे चला. पण लेखक त्या दुहेरी दिवसाविषयीच बोलत असेल, तर पंचांग वापरणाऱ्या वाचकाला 'तिथीची वृद्धी झाली की एकच तिथी दोन सूर्योदयांना असते, तसं' एवढं सांगितलं की डोळ्यांसमोर येतं. आपल्याकडे वृद्धी होते ती चंद्राच्या चालीमुळे आणि त्यांच्याकडे झाली ती सीझरच्या हुकमाने, एवढा फरक वाक्यात राहू द्या.

'ग्रीक कॅलेंड्स'ने मात्र भल्याभल्यांना पाडलं आहे. 'तो ग्रीक पंचांगाप्रमाणे पैसे फेडेल' असं छापलेलं मी स्वतः वाचलं आहे. कर्जबुडवा बिचारा एकदम शिस्तीचा झाला! कॅलेंड्स हा रोममध्ये व्याज भरण्याचा दिवस. त्याच्या हिशोबाची सावकाराची वही ती 'कॅलेंडारियम', म्हणजे आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर मुळात उधारीची वही आहे. ग्रीकांच्या महिन्यात कॅलेंड्स नसतातच. म्हणून कधीच न फेडणाऱ्यांविषयी ऑगस्टस म्हणायचा की हे ग्रीक कॅलेंड्सना फेडतील; सुएटोनियसने त्याच्या चरित्रात हे नोंदवलं आहे. मराठीत मी एकदा 'अधिकातल्या दिवाळीला' असं केलं होतं, कारण अधिक महिन्यात दिवाळी येत नाही. अजूनही तो पर्याय मला आवडतो. पण तो वापरायचा फक्त इंग्रज लेखक स्वतःच्या बोलण्यात हा वाक्प्रचार वापरतो तेव्हा. ऑगस्टसच्या तोंडी दिवाळी घालता येत नाही. तिथे 'ग्रीकांच्या कॅलेंड्सना फेडतील' असं लिहून 'ग्रीकांकडे कॅलेंड्स नसत' हे त्याच वाक्यात गुंफावं लागतं. विनोद थोडा मरतो. इलाज नाही.

ऑगर, म्हणजे पक्ष्यांवरून देवांची संमती बघणारा रोमन पुरोहित. त्याच्यावर जरा थांबते, कारण इथे कोश नुसता अपुरा नाही, दिशाभूल करणारा आहे. बहुतेक इंग्रजी-मराठी कोश 'शकुन सांगणारा, ज्योतिषी, भविष्यवेत्ता' असे अर्थ देतात. त्यातला 'शकुन' हा फार चांगला आहे. लॅटिनमध्ये 'ऑस्पिशियम' म्हणजे पक्षी बघणं, आणि संस्कृतात शकुन म्हणजे मुळात पक्षीच. दोन भाषांनी आपापल्या आभाळाकडे बघून एकाच वाटेने शब्द घडवला. पण 'भविष्यवेत्ता' साफ चूक. रोमन माणूस पक्ष्यांना 'पुढे काय होणार' असं विचारत नव्हता. तो 'आज हे काम करू का' एवढंच विचारायचा, आणि उत्तर हो किंवा नाही.

माझं आजोळ मालवणकडचं. देवळात कौल लावताना मी लहानपणापासून पाहिलं आहे. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, 'ह्या कामाक तुझी परवानगी आसा तर उजवो दी', आणि सगळ्या मानकऱ्यांनी श्वास रोखून बघत बसायचं. उजवी पाकळी पडली तर होकार. कुणी भविष्य विचारत नाही. विहीर खणायची का, लग्न ठरवायचं का, जत्रेचा दिवस धरायचा का, एवढंच. गोव्यातही हीच रीत, तिथे 'प्रसाद' म्हणतात. रोमन सेनापती लढाईआधी काय करत होता ते मला पुस्तकांतून कधी नीट समजलं नव्हतं. कौल आठवला आणि समजलं. तेव्हापासून 'टू टेक द ऑस्पिसेस' याचं मराठी मी 'कौल लावणे' किंवा 'कौल घेणे' असं करते.

सैन्याबरोबर पिंजऱ्यात पवित्र कोंबड्या असायच्या. लढाईआधी दाणे टाकायचे. कोंबड्या हावरटासारख्या तुटून पडल्या आणि चोचीतून दाणे खाली सांडले, तर देवाने उजवा दिला. त्या सांडण्याला लॅटिनमध्ये 'ट्रिपुडियम' असं खास नाव होतं. तोच शब्द 'नाचा'च्या अर्थानेही होता, आणि त्या अर्थाने इंग्रजीत 'ट्रिपुडिएट' असं क्रियापद काही काळ फिरून मेलं. इसवी सनपूर्व २४९ मध्ये सिसिलीतल्या ड्रेपानापाशी क्लॉडियस पुल्कर या सेनापतीच्या कोंबड्या खाईनात. 'खात नाहीत तर पिऊ द्या' म्हणत त्याने त्या समुद्रात फेकल्या, कार्थेजच्या आरमाराशी लढला आणि ९३ जहाजं गमावून बसला. रोममध्ये परतल्यावर त्याच्यावर खटला झाला. आता हाच प्रसंग 'भविष्य खोटं ठरवायला गेला' असा सांगितलात तर कथा बिघडते. त्याने देवाला परवानगी मागितली, देवाने डावा दिला आणि हा तरीही गेला, असं सांगितलंत तर कोकणातल्या कुठल्याही म्हातारीला त्याचा गुन्हा ताबडतोब कळेल.

फक्त एक सांभाळा. मी इथे 'उजवा दिला' म्हटलं ते आपल्या पद्धतीने. रोमन शास्त्रात डावी बाजू शुभ होती. ग्रीकांत उजवी. रोमन लेखक सिसरोने हा फरक मुद्दाम नोंदवला आहे. इंग्रजीत पुढे 'सिनिस्टर', म्हणजे मूळचा 'डावा', अशुभ झाला, आणि त्यामुळे जुने इंग्रज लेखकही कधीकधी घोटाळा करतात. तेव्हा प्रत्यक्ष अनुवादात डावं-उजवं मूळात असेल तसंच ठेवा, आणि 'कौल अनुकूल' हे शब्द वापरा.

हेकॅटूम पटकन सांगते. ग्रीक 'हेकातोन' म्हणजे शत आणि 'बूस' म्हणजे गो. दोन्ही शब्द आपल्या शब्दांचे सख्खे चुलतभाऊ. शंभर बैलांचा बळी. पण हा आकडा कधीच काटेकोर नव्हता, आपण 'शंभरदा सांगितलं' म्हणतो तितपतच. आणि बळी दिला म्हणजे सगळं देवाला गेलं असंही नाही. देवाच्या वाट्याला चरबीत गुंडाळलेली हाडं आणि धूर, मांस लोकांत वाटलं जायचं. अथेन्सच्या मोठ्या उत्सवात ते मांस म्हणजे गावजेवणच. इंग्रजी लेखक लढाईतल्या संहाराला हेकॅटूम म्हणतात तेव्हा मात्र 'शेकड्यांनी बळी पडले' एवढं पुरे.

याच संदर्भात माझी एक जुनी फजिती सांगते. पहिल्याच पुस्तकात 'व्हॉमिटोरियम' आला. मी विद्यार्थिदशेत कुठेतरी वाचलं होतं की रोमन श्रीमंत जेवता जेवता उठून ओकायला जायचे आणि पुन्हा जेवायला बसायचे. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने 'खाण्यासाठी ओकतात, ओकण्यासाठी खातात' अशी टीका केलीही आहे. मी बिनदिक्कत 'वमनगृह' लिहिलं. वाक्य होतं रोमन प्रेक्षागृहाविषयी, की तिथली वमनगृहं काही मिनिटांत हजारो प्रेक्षक सामावून घेत. पुस्तक छापून आलं. महिन्याभरात एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड: 'बाई, एवढ्या लोकांना एकदम कशाने बाधलं?' व्हॉमिटोरियम म्हणजे प्रेक्षकांच्या रांगांमध्ये उघडणारी बोळवजा वाट. तिच्यातून माणसांचा लोंढा बाहेर पडून बाकांवर पसरायचा, म्हणून ते नाव. मॅक्रोबियस या रोमन लेखकाने तसं स्पष्ट लिहिलं आहे. ओकत होती ती इमारत. आपणही 'सूर्य आग ओकतोय' म्हणतोच. दुसऱ्या आवृत्तीत मी 'प्रेक्षकांचे बोळ' केलं. ते पोस्टकार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

सॅट्रॅप बघून तर मला दरवेळी हसू येतं. इराणच्या हखामनी साम्राज्यात प्रांताच्या अधिकाऱ्याला जो शब्द होता तो ग्रीकांच्या तोंडी 'सात्रापेस' झाला, तिथून लॅटिन, तिथून इंग्रजी. आपल्याकडे तोच शब्द आला 'क्षत्रप' म्हणून. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत उषवदात स्वतःला क्षत्रप नहपानाचा जावई म्हणवतो. याच नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडली, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. इतकंच काय, आजचं वर्तमानपत्र उघडलंत तरी 'प्रादेशिक क्षत्रपांची कोंडी' असा मथळा सापडेल. इंग्रजीतही 'सॅट्रॅप' हा लाक्षणिक अर्थाने छोट्या मुजोर सत्ताधीशालाच वापरतात. दोन हजार वर्षं आपल्याकडे नांदणारा शब्द सोडून 'सॅट्रॅप' लिहिणं म्हणजे घरच्या माणसाला पाहुणा म्हणून ओळख करून देणं. 'सुभेदार' नको. सुभेदार म्हटलं की हखामनी सम्राट दरायसच्या दरबारात पागोटं येतं.

जाता जाता: कालबाह्य ग्रीक शब्द फक्त इंग्रजीतच पडून आहेत असं समजू नका. सहाव्या शतकात वराहमिहिराने राशींची ग्रीक नावं संस्कृतात दिली आहेत. मेषाला क्रिय, वृषभाला तावुरि, मिथुनाला जितुम, तुळेला जूक. कुंभेला 'हृद्रोग', जे ग्रीक 'हुद्रोखोओस'चं रूप. तुमची रास हृद्रोग आहे असं आज कुणी सांगितलं तर माणूस ईसीजी काढायला जाईल. ही नावं मेली, पण त्याच वाटेने आलेले 'केंद्र' आणि 'होरा' इतके रुळले की ते बाहेरचे आहेत हे सांगावं लागतं.

आता उलट बाजू. क्लेप्सिड्रा या शब्दाला तुम्ही 'घटिकापात्र' सुचवलंत. मलाही पूर्वी तेच सुचलं होतं, आणि ते चुकलं होतं. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं वाटीसारखं भांडं. ते पाण्यावर तरंगत सोडायचं, हळूहळू भरतं आणि २४ मिनिटांनी बुडतं. घटका भरली. लग्नाच्या मुहूर्ताला घंगाळात ते सोडून बसलेले गुरुजी जुन्या माणसांनी पाहिलेले असतात, आणि 'त्याची घटका भरली' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. म्हणजे आपल्याकडे वेळ भरते.

अथेन्सच्या कोर्टात वेळ रिकामी व्हायची. तिथे वर एक मातीचं मडकं, बुडाजवळ छोटी नळी, खाली दुसरं मडकं. बोलणारा उभा राहिला की नळीचं बूच काढायचं आणि पाणी संपलं की भाषण संपलं. अथेन्सच्या आगोरात, म्हणजे बाजारचौकात, अशा मडक्याचे अवशेष सापडले आहेत. त्याचं पाणी संपायला सुमारे सहा मिनिटं लागतात. खटल्यातली रक्कम जितकी मोठी, तितकं जास्त पाणी. मध्येच कायद्याचं कलम किंवा साक्ष वाचून दाखवायची असेल तर वक्ता ओरडायचा 'पाणी धर', आणि शिपाई बूच लावायचा, कारण वाचनाचा वेळ त्याच्या हिशोबात धरत नसत. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थिनीज तर प्रतिपक्षाला 'माझ्या पाण्यात बोल' असं आव्हान देतो. हे सगळं 'घटिकापात्र' लिहिलं की मोडतं: भरणाऱ्या वाटीला बूच कुठे लावणार? शिवाय क्लेप्सिड्राचा शब्दशः अर्थ 'पाणीचोर', आणि मुळात ते नाव घरगुती भांड्याचं होतं. तळाला भोकं, वर अरुंद तोंड. भांडं पाण्यात बुडवून तोंडावर अंगठा दाबला की पाणी आतच अडकून राहतं आणि अंगठा काढला की गळतं.

मग काय लिहायचं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'नालिका' आहे: घड्याला चार अंगुळं लांबीची सोन्याची बारीक नळी आणि तिच्यातून वाहून जाणारं आढकभर पाणी. यंत्र म्हणून हे अथेन्सच्या मडक्याच्या जास्त जवळचं आहे. पण नालिका आज कुणाला कळणार? मी शेवटी 'जलघटी' वापरते आणि पहिल्या वेळेला मडकं, नळी, बूच हे दोन वाक्यांत दाखवते. त्यापुढे 'पाणी संपलं', 'पाणी धर' हे वाक्प्रचार तसेच मराठीत आणते. ते आपोआप कळतात. 'घटका भरली' मात्र त्या प्रकरणात चुकूनही येऊ देत नाही.

बूस्ट्रफीडनला मी नवा शब्द पाडला आहे, कारण इथे तयार शब्द नाही. पण चित्र आहे. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची डावीकडून उजवीकडे, आणि अक्षरंही त्याप्रमाणे उलटी वळलेली. ग्रीक शब्दाचा अर्थच 'बैल वळतो तसं'. नांगराचं एक तास संपलं की शेतकरी बैल वळवतो आणि शेजारचं तास उलट दिशेने घेतो. क्रीटमध्ये गोर्टिन येथे इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला अख्खा कायदा भिंतीवर असा कोरलेला आहे. आंध्रात येर्रगुडीला अशोकाच्या लघुशिलालेखातल्याही काही ओळी अशाच उलटसुलट जातात. मी 'नांगरवळणी लेखन' म्हणते. 'वृषभावर्ती' असाही एक भारदस्त पर्याय मला सुचवला गेला होता. तो शब्द नांगराला कधी जुंपलेला नाही.

लस्ट्रम सोपा. दर पाच वर्षांनी जनगणना झाली की डुक्कर, मेंढा आणि बैल जमलेल्या लोकांभोवती फिरवून बळी द्यायचे. हा शुद्धीचा विधी म्हणजे लस्ट्रम, आणि त्यावरून पाच वर्षांचा काळही लस्ट्रम. 'दहा लस्ट्रम जगला' असं असेल तर सरळ 'पन्नास वर्षं जगला' करा. विधीच असेल तर 'पंचवार्षिक शुद्धी'. फक्त 'पंचक' लिहू नका. 'पहिल्या पंचकात तो सिनेटवर आला' वाचून घरातली वडीलधारी दचकतील.

राहिला ऑबल. तुमच्या कोशात मेलेल्या शब्दाआधी खंजिरासारखी जी खूण असते, तिला 'ऑबेलस' म्हणतात. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात झेनोडोटसने होमरच्या संशयास्पद ओळींपुढे समासात एक आडवी रेघ मारायला सुरुवात केली, तिचा हा वंशज. ऑबेलस आणि ऑबल दोन्ही 'ओबेलोस'पासून, म्हणजे मांस भाजायची लोखंडी सळई. नाण्यांआधी ग्रीसमध्ये अशा सळया पैशासारख्या चालत. मुठीत सहा मावतात, म्हणून सहा ओबोलांची एक 'द्राख्मे', मूठभर. ही मूठ पुढे चांदीचं नाणं होऊन पूर्वेकडे आली आणि आपल्याकडे 'द्रम्म' झाली. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म आहेत, आणि ११५० च्या सुमाराच्या लीलावतीत भास्कराचार्य सोळा पणांचा एक द्रम्म असं कोष्टक देतात. द्रम्माचा झाला दाम. दामाची झाली दमडी.

म्हणून शेवटच्या नोंदीत तुम्ही जी दोन वाक्यं दिली आहेत त्यांना मी वेगवेगळं वागवेन. मृतांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याच्या भाड्यासाठी मृताच्या तोंडात ठेवलेलं नाणं, तिथे 'ओबोल' लिहा. ते खरंखुरं नाणं आहे आणि वाचकाला त्याचं नाव कळायला हवं. आपल्याकडे तोंडात सोनं ठेवतात त्याच्याशी ते जोडू नका, कारण तिथे भाड्याचा प्रश्न नसतो. आणि तो कंजूष म्हातारा, जो मुलीच्या लग्नातही एक ऑबल सोडायला तयार नाही, त्याच्यासाठी 'दमडी सोडणार नाही' असं लिहून टाका. तो शब्द ग्रीसहूनच आलेला आहे.